गोळी सुटण्याआधीचा फोटो

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्या विजयाचा कोणता फोटो आठवतो, असे विचारले तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पदक मिरवणारा हसरा चेहरा येईल. गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून आणि शेवटी उभ्याने नेम धरणारा स्वप्नील फारच थोड्यांना आठवेल. खेळ मात्र तिथे झाला होता. नेमबाजीचा फोटो निकालाचा नसावा, गोळी सुटण्याआधीच्या काही सेकंदांचा असावा, असे माझे ठाम मत आहे. आणि तो काढायला पॅरिस गाठण्याची गरज नाही; नागपुरातल्या साध्या जिल्हा स्पर्धेतही तो निघू शकतो.

याचे कारण या खेळाच्या स्वभावातच आहे. तिरंदाजीत ताणलेली दोरी आणि सुटलेला बाण डोळ्यांना दिसतो. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला १५० पैकी १५० गुण घेऊन जगज्जेता झाला, तेव्हा कॅमेऱ्याला टिपण्यासारखी हालचाल निदान होती तरी. एअर रायफलमध्ये तेवढीही नसते. धूर नाही, छर्रा दिसत नाही. दहा मीटरवरच्या लक्ष्यातला दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे नाडीच्या ठोक्यानेही नळी भरकटते. सगळी झुंज शरीर स्थिर करण्याची. पायांतले अंतर, कमरेच्या हाडावर टेकवलेले कोपर, दस्त्याला लागलेला गाल, सोडून मध्येच थांबवलेला श्वास, या सगळ्यांत ती दिसते. पिस्तूलवाला एका हाताने नेम धरतो, काही क्षण थांबतो आणि मनाजोगते जमले नाही म्हणून न झाडताच हात खाली टेबलावर आणतो. गुणफलकावर या नकाराची नोंद होत नाही, पण खेळाडूची पारख त्यातच होते. गोळी सुटल्यावरही चांगला नेमबाज क्षणभर तसाच राहतो, त्याला फॉलो-थ्रू म्हणतात. छायाचित्रकाराला हे ठाऊक नसेल तर समोर सगळे घडत असूनही त्याच्या हाती काही लागणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: न हलणाऱ्या माणसाचा फोटो बघणार कोण? उत्तर पॅरिसनेच दिले. तुर्कस्तानच्या ५१ वर्षांच्या युसुफ डिकेचचा, साधा चष्मा आणि एक हात खिशात अशा थाटातला फोटो जगभर फिरला. मिश्र सांघिक एअर पिस्तुलात त्याला रौप्य मिळाले होते. सुवर्ण कुणाला गेले हे फारसे कुणाला आठवत नाही, त्याची उभे राहण्याची ढब आठवते. पण तोच फोटो अज्ञानाने कसा वाचला जातो, तेही तेव्हाच दिसले. कसलीही साधने न घेता सहज येऊन पदक नेणारा माणूस, अशी त्याची कीर्ती पसरली. प्रत्यक्षात त्याच्या कानांत बोळे होते, हातात स्पर्धेचेच पिस्तूल होते आणि मोकळा हात खिशात घालणे ही तोल सांभाळण्याची रुळलेली रीत आहे. म्हणजे फोटोइतकीच त्याखालची ओळही महत्त्वाची. निकालाच्या फोटोत खेळ दिसत नाही, हे बुद्धिबळातही खरे. जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकल्यावर आईला मिठी मारून रडणारी दिव्या देशमुख नागपूर विसरणार नाही. तो फोटो सुंदरच आहे, पण त्याआधीचे तासन्‌तास पटावर खिळलेले डोळे हा तिचा खेळ होता.

दुसरा आक्षेप खर्चाचा: बंद हॉल, अपुरा उजेड, महागडी लेन्स. जामठ्याच्या मैदानावर क्रिकेट टिपायचे तर लांब पल्ल्याची लेन्स आणि वेगवान शटर लागतेच. इथे उलट आहे. माणूस जवळ आहे आणि हलत नाही, म्हणून एफ १.८ ची ५० किंवा ८५ मिलिमीटरची तुलनेने स्वस्त लेन्स आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाचे संथ शटर पुरते. या संथपणाचा आणखी एक फायदा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान इलेक्ट्रॉनिक शटरने फोटोत काळे पट्टे उमटतात. शंभराव्या भागावर ते सहसा टळतात. म्हणजे आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटरही वापरता येते. हात थरथरत असेल तर मोनोपॉड घ्यावा.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे: खेळाडूचे लक्ष विचलित होते. फ्लॅशला स्पर्धा संपेपर्यंत नियमानेच बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण हल्ली अंतिम फेरीत संगीत वाजते, प्रेक्षक ओरडतात, आणि नेमबाज त्याला सरावलेले असतात. त्रास होतो तो नजरेच्या टप्प्यात अचानक हलणाऱ्या माणसाचा. म्हणून छायाचित्रकाराने फायरिंग लाइनच्या मागे, रेंज ऑफिसर सांगेल तिथेच उभे राहावे आणि एकदा घेतलेली जागा फेरी संपेपर्यंत सोडू नये. स्पर्धेनंतर खेळाडूला पिस्तूल लेन्सवर रोखायला लावण्याची हौस तर कायमची बंद व्हावी. शस्त्र माणसाकडे वळवायचे नाही, हा पहिला धडा. वर्षभर तो गिरवणाऱ्या मुलांकडून फोटोसाठी तोच मोडून घेणे मला अक्षम्य वाटते.

नागपुरातल्या आयोजकांना यात पैशाची झळ नाही. लाइनच्या मागे दोन्ही टोकांना एकेक जागा खडूने आखावी आणि फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी वृत्तपत्रांना कळवाव्यात. सामन्याआधी तयारी आणि चाचणीच्या शॉटसाठी १५ मिनिटे मिळतात, गुण मोजले जात नाहीत; उजेड आणि कोन तेव्हाच ठरवून घेता येतो. क्रीडा पानाच्या संपादकांनी फोटोखाली नावाबरोबर प्रकार, अंतर आणि पोझिशनही छापावी.