बदकाच्या पोटातला छर्रा

पाणथळ जागी चिखलात पडलेला शिशाचा छर्रा बदकाला खडा वाटतो. दाणे दळण्यासाठी असे खडे ते गिळतेच. पेषणीत छर्रा झिजतो, शिसे रक्तात उतरते आणि पक्षी झुरून मरतो. ते बदक खाणाऱ्या गरुडालाही विष बाधते. म्हणूनच अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले. त्यांची जागा मुख्यत्वे पोलादाने घेतली. मात्र एक घनसेंटिमीटर शिसे सुमारे ११.३ ग्रॅम भरते, पोलाद ७.८. हलका छर्रा वेग लवकर गमावतो. त्यामुळे शिकाऱ्याला दोन आकार मोठा छर्रा घ्यावा लागतो, शिवाय पल्लाही आवरता घ्यावा लागतो. अन्यथा पक्षी जखमी होऊन निसटतो, ही जुन्या शिकाऱ्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हे. पोलाद शिशासारखे दबतही नाही. तोंडाशी फार निमुळती असलेली जुनी नळी त्याने बिघडू शकते. आजोबांची बंदूक आधी जाणकार कारागिराकडून तपासून घेतलेली बरी.