विमानतळ हाक मारत नाही

डिसेंबर २०१९ मधली गोष्ट. दुबईहून मुंबईला परतत होतो. तीन नंबरच्या टर्मिनलमध्ये एका बाकावर सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, हातात बोर्डिंग पास. मी बायकोशी मराठीत बोलतोय हे ऐकून त्यांनी विचारलं, "बाबा, मुंबईचं विमान अजून पुकारलं नाही का?"

मी त्यांचा पास पाहिला. विमान आमचंच होतं. पण पासावर गेट 'बी'मधलं छापलेलं होतं आणि मघाशी फलकावर मी 'ए'मधलं वाचलं होतं. मध्येच गेट बदललं होतं. 'ए' म्हणजे दुसरी इमारत. तिथं गाडीनं जावं लागतं. खाला तासाभरापासून तिथंच बसून होत्या. त्या खेडजवळच्या. खेडच्या एसटी स्टँडवर माइकवरून गाडी पुकारतात, तसं इथंही कोणीतरी पुकारेल, अशी त्यांची खात्री होती. गावी नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून लेकाकडून घाईनं निघालेल्या.

मंडळी, आज मुद्दाम हेच सांगायचं आहे, की दुबईचा विमानतळ हाक मारत नाही. तिथं प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. कारण साधं आहे. १९६० साली हा विमानतळ सुरू झाला, तेव्हा धावपट्टी दाबून घट्ट केलेल्या वाळूची होती. २०२४ या एका वर्षात तिथून ९ कोटी २३ लाख प्रवाशांनी ये-जा केली. एवढ्या विमानांची नावं इतक्या भाषांत पुकारत बसलं, तर नुसता गोंगाट होईल आणि कोणालाच काही कळणार नाही. म्हणून सगळं फलकावर लिहिलेलं असतं. जो वाचतो तो पोहोचतो. आपल्या मुंबईच्या विमानतळावरही आता हीच पद्धत आहे.

तेव्हा वाचायचं काय आणि कोणत्या क्रमानं, ते पाहू.

पहिली गोष्ट टर्मिनलचा आकडा. ती घरून निघण्यापूर्वीच वाचायची. दुबईत तीन टर्मिनल आहेत. पहिलं आणि तिसरं धावपट्ट्यांच्या एका बाजूला, दुसरं पलीकडच्या बाजूला. मेट्रोची लाल मार्गिका पहिल्या आणि तिसऱ्याच्या दारात थांबते, दुसऱ्याच्या नाही. मी भाच्याला सोडायला गेलो, तेव्हा टॅक्सीवाल्याला नुसतं 'एअरपोर्ट' म्हणालो. त्यानं तिसऱ्यावर नेलं आणि भाच्याचं विमान होतं दुसऱ्यावरून! सगळ्या विमानतळाला वळसा घालून धापा टाकत पोहोचलो. चूक माझीच. विमान कंपनीच्या नावावरूनही अंदाज बांधू नये. फ्लायदुबईची काही विमानं दुसऱ्यावरून सुटतात, काही तिसऱ्यावरून. तिकिटावरचा आकडा खरा.

दुसरी गोष्ट गेटचं अक्षर. गेटच्या आकड्याआधी एक अक्षर असतं, ते इमारतीचं. ए, बी आणि सी तिसऱ्या टर्मिनलची, डी पहिल्याचं, एफ दुसऱ्याचं. आपण आधी अंक पाहतो, पण इथं अक्षर आधी पाहावं. 'ए' आणि 'बी' यांच्यामध्ये चालकाविना धावणारी छोटी गाडी आहे. पहिल्या टर्मिनलवरून 'डी'कडेही तशीच गाडी जाते. गाडीची वाट पाहणं, सरकते जिने, लांबच लांब चालणं, हे सगळं धरून अर्धा तास हाताशी ठेवावा.

तिसरी गोष्ट वेळ. पासावर विमानात बसायला सुरुवात होण्याची वेळ असते, तीच आपली वेळ समजावी. विमान सुटण्याच्या साधारण वीस मिनिटं आधी गेट बंद होतं. आणि पास छापून झाल्यावरही गेट बदलू शकतं. म्हणून दर पंधरा मिनिटांनी उठून फलक पाहावा. त्यावर शहराचं नाव नव्हे, विमानाचा क्रमांक शोधावा, कारण मुंबईची विमानं एकाच दिवसात अनेक असतात.

ज्यांना दुबईत विमान बदलून पुढं जायचं आहे, त्यांच्यासाठी आणखी एक. विमानातून उतरल्यावर गर्दीच्या मागं जाऊ नये. गर्दीतले बरेच जण दुबईत उतरणारे असतात. ते पासपोर्ट तपासणीकडे आणि सामानाच्या पट्ट्याकडे निघालेले असतात. आपण 'कनेक्शन्स' ही पाटी धरून चालायचं. पुढच्या प्रवासाचा पास आधीच मिळाला असेल आणि सामानाच्या चिठ्ठीवर शेवटच्या शहराचं नाव असेल, तर सामान परस्पर पुढं जातं.

मुंबईतून निघतानाही हेच. पहिलं टर्मिनल सांताक्रूझकडे, दुसरं सहारला. आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम असेल तर जुना, एनएमआय असेल तर नवा. ही तीन अक्षरं चुकली तर खाडी ओलांडावी लागते.

पण पाट्या अरबीत आणि इंग्रजीत. ज्यांना त्या वाचता येत नाहीत, त्यांनी काय करावं? तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मागणी नोंदवावी. पाय थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला मग कर्मचारी स्वतः गेटपर्यंत नेऊन सोडतो. यात लाज कसली? आईवडिलांना एकटं पाठवणाऱ्या मुलांनी तर हे विसरूच नये. सोबत एका कागदावर मराठीत लिहून द्यावं : टर्मिनल, विमानाचा क्रमांक, किती वाजता गेटवर असायचं.

खालांच्या हातात असा कागद नव्हता. आम्ही तिघं गाडीत बसलो, 'ए'मध्ये उतरलो आणि चालत सुटलो. गेटवर शेवटची दहा-पंधरा माणसं उभी होती. विमानात बसल्यावर त्या म्हणाल्या, "बाबा, मी तिथंच बसून राहिले असते." मी काही बोललो नाही. पासावर बदललेलं गेट वाचायला मला दोन क्षण लागले होते. त्यांनी विचारलं नसतं, तर मी शेजारून निघूनच गेलो असतो. तेव्हापासून विमानतळावर कोणी म्हातारं माणूस पास हातात घेऊन बसलेलं दिसलं, की मीच जाऊन विचारतो, "कुठं निघालात?"