जुने आणि मुरलेले

'जुने ते सोने' ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकतो की, ती तपासून पाहण्याची कुणाला गरजच वाटत नाही. आपल्या घरातल्या बायका मात्र या म्हणीच्या नादी लागलेल्या नाहीत. लोणच्याची बरणी उघडली की त्या साल विचारीत नाहीत, फोड बोटाने दाबून पाहतात, खार जिभेला लावतात आणि सांगतात, "अजून मुरले नाही." किंवा पुढे कधीतरी म्हणतात, "आता उतरले." जुने असणे वेगळे आणि मुरणे वेगळे, हे ज्ञान त्यांच्या बोटांत आणि जिभेत असते. याच भेदाविषयी आम्हांला चार गोष्टी सांगायच्या आहेत. उदाहरण मात्र लोणच्याचे नसून इटलीतील एका तांबड्या वाइनचे आहे.

हे वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील. ज्यांनी पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या वाटेवर उभे राहून कामगारांची पाकिटे घरी पोहोचवण्याची खटपट केली, त्यांनीच आता वाइनवर बोलावे काय? शंका रास्त आहे. आमचे उत्तर इतकेच की, पिणे आणि पारखणे या दोन क्रिया भिन्न आहेत. खरा पारखी घोट तोंडात फिरवतो, विचार करतो आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकतो. चहाच्या लिलावाआधी चहा पारखणारेही तेच करतात. आम्ही हे प्रथम पाहिले तेव्हा आमचा निम्मा विरोध तिथेच गळाला.

प्रसंग २०२३ च्या ऑक्टोबरातला. कामगार संघटनांच्या एका शिष्टमंडळाबरोबर आम्ही इटलीच्या वायव्येस पिएमोंते प्रांतात गेलो होतो. तेथे आल्बा गावाभोवती लांगे नावाच्या टेकड्या आहेत. सकाळी दरीत धुके दाटलेले असते आणि उतारांवर द्राक्षांच्या ओळी दिसतात. या मुलखाचे मानाचे द्राक्ष नेब्बिओलो. इटालियन भाषेत धुक्याला 'नेब्बिया' म्हणतात. त्यावरूनच हे नाव पडले असे तेथे पुष्कळजण मानतात. हे द्राक्ष फुटते लवकर आणि पिकते फार उशिरा. त्यापासून बारोलो नावाची वाइन होते. अकरा गावांच्या हद्दीत पिकलेल्या नेब्बिओलोच्या वाइनलाच हे नाव लावता येते, आणि कायद्याप्रमाणे ती किमान ३८ महिने, त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात, ठेवल्याखेरीज विकता येत नाही. 'रिझेर्वा' म्हणवून घ्यायचे असेल तर ही मुदत ६२ महिन्यांची. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : कायदा महिने मोजतो. वय मोजता येते म्हणून तो वय मोजतो. मुरणे मोजायला कायद्यापाशी माप नाही; ते काम माणसालाच करावे लागते.

एका तळघरात आम्हांला नेण्यात आले. माणसापेक्षा उंच अशी ओकच्या लाकडाची जुनी पिंपे, खाली ओलसर जमीन, आणि हवेत मे महिन्यातल्या माठाजवळ असतो तसा गारवा. जन्मभर तिथेच राबलेला एक वृद्ध कामगार पुढे आला. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन बाटल्या मेजावर मांडल्या आणि दुभाष्यामार्फत आम्हांला सांगितले, "यांतली सर्वांत म्हातारी कोणती ते सांगा. घाई करू नका. आधी बघा, मग हुंगा, मग चाखा."

पाहण्याचे काम आम्हांला परके नव्हते. आमचे वडील गिरणीच्या रंगखात्यात होते. कापडाचा रंग उतरला की चढला हे ते दिव्याखाली कधी ठरवीत नसत; खिडकीशी जाऊन पांढऱ्या फडक्यावर धरून पाहत. वाइनचेही तसेच करतात. पेला तिरपा करून पांढऱ्या कापडावर धरायचा आणि मध्यभागापेक्षा कडेकडे लक्ष द्यायचे. तांबडी वाइन वयाबरोबर फिकट होत जाते. तिच्यातील रंगद्रव्ये व तुरट द्रव्ये एकमेकांशी जोडली जातात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. लाल रंग हळूहळू विटकरी होतो, कडेला नारिंगी झाक येते. म्हणूनच जुनी बाटली उघडण्याआधी दिवसभर उभी ठेवतात आणि गाळ न हलवता वरची निवळ ओततात. पण नेब्बिओलोची एक खोड आहे. त्याच्यात रंग मुळातच बेताचा असतो, त्यामुळे चार-पाच वर्षांची बारोलोसुद्धा कडेला विटकरी दिसू लागते. तेव्हा केवळ रंगावरून निकाल देणे म्हणजे केस पिकले म्हणून माणसाला शहाणा ठरवण्यासारखे आहे. पूर्ण तपकिरी आणि गढूळ रंग दिसला तर मात्र सावध व्हावे.

दुसरी पायरी वासाची. आधी पेला न हलवता हुंगायचा, मग गोल फिरवून पुन्हा. पहिल्या पेल्यात आम्हांला ताज्या गुलाबाचा आणि आंबटगोड चेरीचा वास आला, आणि त्यामागे चक्क रस्त्यावरच्या ताज्या डांबराचा! आम्ही भीतभीत हे सांगितले तेव्हा म्हातारा खूष झाला. गुलाब आणि डांबर ही तर तरुण बारोलोची ओळखच. दुसऱ्या पेल्यात गुलाब होता, पण पुस्तकात ठेवून वाळलेला. त्याच्याबरोबर वाळका पाला, तंबाखूची पाने, नवे चामडे आणि पहिल्या पावसानंतरची माती. फळाचा वास मागे सरून हे दुसरे वास पुढे येणे, ही मुरण्याची खूण. तिसऱ्या पेल्यात मनुकांचा वास आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा वास होता. हवा अधिक लागली, किंवा काळ उलटून गेला, की असा वास येतो. याखेरीज दोन वास ओळखून ठेवावेत. शिरक्यासारखा झोंबणारा वास म्हणजे वाइन आंबली. आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बूच बिघडले. बूच बिघडणे हा अपघात आहे, वयाचा दोष नव्हे. तो चार वर्षांच्या बाटलीतही सापडतो.

तिसरी पायरी जिभेची, आणि खरा न्याय येथेच होतो. वाइन तोंडात घेतली की तीन साक्षी तपासायच्या : आंबटपणा, तुरटपणा आणि फळ. आंबटपणा तोंडाला पाणी सोडतो. तुरटपणा उलट हिरड्या कोरड्या करतो. द्राक्षाच्या सालीत आणि बीत टॅनिन नावाचे द्रव्य असते, त्याचा हा प्रताप. हेच द्रव्य कच्च्या सुपारीत आहे, कडक चहात आहे, जांभळात आहे. हिरड्यात तर ते इतके आहे की, चामडे कमावण्यासाठी हिरडा पूर्वापार वापरला गेला. कातड्यातील प्रथिनांना टॅनिन जसे घट्ट धरते तसेच ते लाळेतील प्रथिनांनाही धरते. लाळेचा ओशटपणा जातो आणि जीभ खरखरीत होते. नेब्बिओलोत टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर, म्हणून तरुण बारोलो कच्च्या सुपारीसारखी तोंड आवळते. वर्षे जातात तसा हा तुरटपणा मऊ होतो. आंबटपणा मात्र फारसा कमी होत नाही. फळ हळूहळू ओसरत असते.

आता मुख्य कसोटी सांगतो. तुरटपणा मऊ झाला आहे आणि फळ अजून शिल्लक आहे, ती वाइन मुरली. तुरटपणा करकरीत आणि फळ त्याच्यामागे दडलेले, ती कच्ची. तिला वेळ द्यावा. आणि फळ निघून गेले, मागे नुसता आंबटपणा व कोरडेपणा राहिला, ती मुरण्याची वेळ केव्हाच चुकली. तिला आणखी वीस वर्षे ठेवून काही व्हायचे नाही. याला दोन उपकसोट्या आहेत. घोट थुंकून टाकल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते पाहावे. चांगली मुरलेली वाइन बराच वेळ मागे बोलत राहते. दुसरी अशी की, पेला तासभर तसाच ठेवून पुन्हा चाखावा. हवा लागून ती खुलली तर तिच्यात अजून आयुष्य आहे. पाव तासात मान टाकली तर ती थकलेली होती. मात्र वाइन सोळा ते अठरा अंशांच्या आसपास असावी. फार थंड असेल तर तुरटपणाच बोचतो, गरम असेल तर नुसती दारू नाकात जाते.

हे सारे करून आम्ही निकाल दिला : पहिली सर्वांत तरुण, दुसरी मधली, तिसरी सर्वांत म्हातारी. वृद्धाने कागद सोडले. पहिली २०१९ ची होती. ते बरोबर आले. पण आम्ही मधली म्हटलेली बाटली १९९६ ची निघाली, आणि थकलेली तिसरी २००३ ची! सत्तावीस वर्षांची बाटली ताठ उभी होती आणि वीस वर्षांची खचली होती. म्हातारा हसून म्हणाला, "वय विचारले होते, तुम्ही तब्येत सांगितलीत." मग त्याने उलगडा केला. २००३ चा उन्हाळा युरोपात भयंकर कडक होता. द्राक्षे वेलीवरच भाजून निघाली, त्यांत साखर चढली आणि आंबटपणा घसरला. १९९६ साल थंड आणि संथ होते. त्या वर्षीची वाइन तरुणपणी इतकी तुरट आणि आंबट की पुष्कळांना ती आवडली नव्हती. तोच तिचा कणा ठरला. त्या वर्षाची प्रत्येक बाटली अशीच निघेल असे नाही, हेही त्याने सांगितले. साठवण वाईट असेल तर उत्तम सालही वाया जाते.

आम्ही जन्मभर कारखान्यांत ज्येष्ठतेच्या याद्यांसाठी भांडलो आहोत, आणि पुढेही भांडू. कारण मालकाच्या मर्जीपेक्षा मस्टरवरची तारीख बरी. पण संघटनेत कार्यकर्ता निवडताना तारीख पाहून भागत नाही, हेही आम्ही ठेचा खाऊन शिकलो आहोत. उन्हात भराभर पिकलेले काही कार्यकर्ते दहा वर्षांत सुकले. आणि ज्यांच्या तुरट बोलण्याला सभा कंटाळत असे, तेच पुढे आधार झाले. त्या तळघरात आम्हांला त्यांची आठवण झाली.

साठवणीवरून एक घरगुती गोष्ट. आपल्याकडे कुणाचा मुलगा परदेशाहून बाटली आणतो आणि वडील ती बैठकीच्या कपाटात, काचेमागे, उभी मांडून ठेवतात. दरवर्षी तिची किंमत वाढते आहे अशा समजुतीने. एप्रिल-मेच्या अडतीस-चाळीस अंशांत ती मुरत नाही, शिजते. उभी ठेवल्याने बूच वाळते आणि हवा आत शिरते. अशा बाटलीला अंधार, बारा-चौदा अंशांचा स्थिर गारवा आणि आडवी जागा लागते. शिवाय जगातील बहुतेक वाइन मुरण्यासाठी केलेलीच नसते. ती दोन-चार वर्षांत संपवायची असते. ज्यात मुळात कस नाही, त्याला काळ काय देणार?

शेवटी जिभेची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९८६ साली इटलीतच काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाइनमध्ये मेथॅनॉल मिसळले. वीसच्या आसपास माणसे मेली, काहींची दृष्टी गेली. मेथॅनॉल चवीला ओळखू येत नाही. तेच विष १९९१ च्या अखेरीस विक्रोळीच्या आणि २०१५ साली मालवणीच्या गोरगरिबांच्या पोटात गेले. मालवणीत शंभरावर माणसे गेली. विक्रोळीच्या वेळी आम्ही विशीतले कार्यकर्ते होतो, आणि त्या दिवसांच्या अंत्ययात्रा विसरलेलो नाही. तेथे पारखी जीभ उपयोगी पडत नाही. तेथे प्रयोगशाळा, प्रामाणिक तपासनीस आणि कायद्याची अंमलबजावणी लागते. तसेच, द्राक्षे तोडणाऱ्याला मजुरी पुरी मिळाली की मध्येच मुकादमाने खाल्ली, हेही कोणत्या घोटात कळत नाही. लांगेच्या मळ्यांतही तोडणीला परमुलखातील मजूर येतात. इटलीत अशा मुकादमीला 'कापोरालातो' म्हणतात आणि तिच्याविरुद्ध २०१६ साली कडक कायदा करावा लागला. ऊसतोडीचा मुकादम पाहिलेल्या महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको.

तात्पर्य, डोळा, नाक आणि जीभ यांना शिक्षण द्यावे. ते श्रीमंतांच्या मालकीचे नाही. रंगखात्यातल्या कामगाराला आणि लोणचे घालणाऱ्या आईला ते आधीपासून आहे. लेबलावरची तारीख वाचावी, पण निकाल चाखून द्यावा. आणि जे चाखून कळत नाही, ते विचारून घ्यावे. त्या वृद्धाने निरोप देताना १९९६ ची उरलेली वाइन आमच्यासमोर सरकवली. आम्ही नको म्हटले. त्याने ती स्वतःच्या पेल्यात ओतली, गाळ येताच हात थांबवला आणि बाटली खिडकीपाशी उजेडात धरून पाहिली. तेव्हा आम्हांला आमचे वडील दिसले.