१५ वर्षं बाहेर? मग मत नाही!

आज हॅरी शिंडलर या ब्रिटिश आजोबांची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत लढले आणि निवृत्तीनंतर, १९८२ साली, तिथेच राहायला गेले.

ब्रिटनचा तेव्हा नियम होता: देश सोडून १५ वर्षं झाली की संसदेच्या निवडणुकीत मत नाही. आता बघा, पेन्शन ब्रिटनची, पासपोर्ट ब्रिटनचा, पण मत शून्य. इटलीच्या संसदेसाठीही नाही, कारण तिथलं नागरिकत्व नाही. (आपल्या एनआरआयना मत आहे, पण ते टाकायला विमानाने आपल्या मतदारसंघात यावं लागतं. ती गंमत पुन्हा कधीतरी.)

"इतकी वर्षं बाहेर राहणाऱ्याला इथलं काय कळतं?" हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही हं. पण २०१६ला ब्रेक्झिटचं सार्वमत आलं, आणि युरोपात राहण्याचा, उपचारांचा ज्यांचा हक्क पणाला लागला होता, त्यांच्यातल्याच अनेकांना मत नव्हतं!

आजोबा २०१३ला स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात हरले होते. २०१६ला लंडनच्या कोर्टातही हरले. तरी पिच्छा सोडला नाही. शेवटी कायदा झाला आणि जानेवारी २०२४मध्ये ती अट गेली. आजोबा त्याआधी अकरा महिने गेले होते. वय १०१.