रेडवुडची साल आणि आपला अशोक

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस म्यूर वुड्स हे रेडवुड वृक्षांचे संरक्षित अरण्य आहे. तेथे जाण्याचा योग आला. २०१८ पासून वाहनतळावरील जागा आगाऊ राखून ठेवल्याशिवाय तेथे गाडी नेता येत नाही.

येथील सर्वांत उंच वृक्ष सुमारे २५८ फुटांचा आहे. बहुतेक मोठे वृक्ष ५०० ते ८०० वर्षांचे. मुळे मात्र खोल न जाता दूरवर आडवी पसरतात. पावलांनी माती दबू नये म्हणून लाकडी पायवाटा केल्या आहेत. कोरड्या उन्हाळ्यात समुद्रावरील धुके पानांवर साकळून खाली ठिबकते व वृक्षांना ओलावा देते.

वैद्याची दृष्टी स्वाभाविकपणे सालीकडे वळते. तांबूस, तंतुमय अशी ही साल काही वृक्षांवर फूटभर जाड असते. जुन्या वणव्यांत बुंधे आतून जळून पोकळ झालेले, तरीही वर हिरवे असलेले वृक्ष येथे दिसतात. सालीने त्यांना राखले आहे.

परंतु कुऱ्हाडीपासून साल राखू शकत नाही. विल्यम केंट व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी १९०५ मध्ये ही ६११ एकर भूमी ४५,००० डॉलरना विकत घेतली. पुढे एका पाणीपुरवठा कंपनीने धरणासाठी ती सक्तीने संपादन करण्याचा घाट घातला. तेव्हा केंट दांपत्याने २९५ एकर अरण्य राष्ट्रास दान केले, आणि ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राष्ट्रीय स्मारक घोषित केले. स्वतःचे नाव देण्यास केंट यांनी नकार दिला. अरण्यास निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांचे नाव मिळाले.

परतताना मनात आपला अशोक होता. चरकाचार्यांनी त्वचा शरद ऋतूत घ्यावी असे सांगितले आहे. आज ऋतू तर दूरच, वृक्ष कोणता हेही आपण क्वचितच विचारतो. खरा अशोक दुर्मीळ होत चालला आहे आणि बाजारात त्याच्या नावाने आसुपालवाची साल विकली जाते. बुंध्याची साल सभोवार सोलली की वृक्ष मरतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे.

अरण्य विकत घेऊन दान करणे आपल्यापैकी फार थोड्यांना शक्य होईल. मात्र अशोकारिष्टासाठी पुढील मागणी नोंदविताना साल कोठून आली, कशी काढली आणि त्या जागी नवे रोप लावले काय, एवढे तीन प्रश्न प्रत्येक औषधनिर्मात्यास पुरवठादाराला निश्चित विचारता येतील. उत्तर न मिळाल्यास तो माल परत करण्याचे धैर्यही आपण दाखवावयास हवे.