परदेशवारी आणि चलनाचा बट्टा

परदेशी जाणे ही मुंबई-पुण्याकडच्या पैसेवाल्यांची गोष्ट, असे आपल्या बुऱ्हाणपुरात एकेकाळी सर्रास बोलले जाई. आता तसे राहिलेले नाही. पॉवरलूमवाल्याचा मुलगा हनिमूनला थायलंडला जातो, निवृत्त मास्तर-मास्तरीणबाई दुबईला लेकीकडे महिनाभर राहून येतात, कुणी उमराहला जातो. जुलै 2019 मध्ये इंदूरहून दुबईचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान उडाले आणि मुंबई गाठल्याशिवाय परदेश नाही ही समजूतही गेली.

पण एक गंमत बघा. तिकीट स्वस्त कुठे मिळेल याची चौकशी घरात दोन-दोन महिने चालते. हॉटेलात सकाळचा नाश्ता धरलेला आहे की नाही, यावर नवरा-बायकोत वाद होतात. आणि डॉलर, दिरहम घ्यायचे मात्र निघायच्या आदल्या दिवशी आठवते, नाहीतर थेट विमानतळावर! तिकिटात घासाघीस करून वाचवलेले दोन हजार रुपये तिथल्या खिडकीवर पाच मिनिटांत जातात, आणि गेले हे कळतही नाही.

खरे तर बुऱ्हाणपूरकरांना हे शिकवायला नको. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा व्यापार याच गावावरून जायचा. मोगलांची टांकसाळ इथे होती, बुऱ्हाणपूरचे चांदीचे रुपये आजही नाणेसंग्राहकांकडे आहेत. शेजारचा असीरगड 1601 मध्ये अकबराच्या हाती आला, तेव्हा त्या विजयाची आठवण म्हणून ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहोर पाडली गेली. त्या काळी नाणे सराफाकडे नेले की तो ते तोलून, वाजवून, घासून बघे. नुकताच पाडलेला रुपया असेल तर पुरा भाव, जुना झिजलेला असेल तर बट्टा कापून. तावेर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकातल्या आपल्या प्रवासवर्णनात कोणत्या गावाहून सुरतेवर हुंडी करायला किती टक्के पडतात ते नोंदवून ठेवले आहे. बुऱ्हाणपूरचा दर त्याने अडीच ते तीन टक्के दिला आहे. आज परदेशात क्रेडिट कार्ड घासले की बहुतेक बँका साधारण तेवढेच कापतात! साडेतीनशे वर्षांत बट्टा काही फार हललेला नाही. फरक एवढाच की तेव्हाचा व्यापारी तो आधी विचारून घेई आणि आपण विचारत नाही.

तर हा बट्टा हल्ली लपतो कुठे? मुख्यतः भावात. टीव्हीवर किंवा मोबाईलवर जो डॉलरचा भाव दिसतो, तो बँका आपसात मोठ्या उलाढालीसाठी लावतात तो. आपल्याला मिळतो तो विक्रीचा भाव, त्याहून चढा. उरलेले डॉलर परत द्यायला गेलो की लागतो खरेदीचा भाव, त्याहून उतरता. हिशेबापुरते समजा, मोबाईलवर डॉलर 90 रुपये आहे. एका दुकानावर पाटी आहे, ‘कमिशन शून्य’, आणि भाव 91.80. दुसरा म्हणतो, भाव 90.90, वर 300 रुपये शुल्क. पाटी वाचून आपण पहिल्याकडे वळतो. हजार डॉलर घेतले तर पहिल्याकडे 91,800 पडतात, दुसऱ्याकडे 91,200. म्हणजे फुकटवालाच 600 रुपयांनी महाग!

म्हणून प्रश्न एकच विचारावा, ‘भाऊ, हजार डॉलर माझ्या हातात पडायला सगळे धरून किती रुपये मोजायचे?’ तीन ठिकाणी विचारावे आणि तिन्हीकडे एकाच दिवशी, कारण भाव रोज हलतो. जीएसटी सगळीकडे सारखाच लागतो, त्यात घासाघीस नाही. एक लाखापर्यंतच्या चलनावर, रकमेचा एक टक्का हे मूल्य धरून त्यावर 18 टक्के. वरच्या 91,800 वर 165 रुपये होतात. कुणी ‘टॅक्स’ म्हणून हजार-दीड हजार सांगितले तर पावती मागावी.

आपल्याकडच्या बँकेच्या शाखेत परकी नोटा लगेच मिळतीलच असे नाही, बहुधा मागवाव्या लागतात. तेव्हा आठ-दहा दिवस हाताशी ठेवून जावे. पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट आणि लागत असेल तिथे व्हिसा बरोबर न्यावा. रोख रुपये देऊन 50,000 पर्यंतचेच चलन मिळते, त्यावरची रक्कम चेकने किंवा खात्यातून द्यावी लागते. कपाटातली सगळी रोकड घेऊन गेलेल्या माणसाला परत फिरावे लागते ते यामुळेच. नोटांच्या रूपात एका प्रवासाला माणशी 3,000 डॉलरपर्यंत नेता येतात (हज-उमराहच्या यात्रेकरूंना आणि काही देशांसाठी यात सवलत आहे). एवढ्या नोटा कंबरेला बांधून हिंडण्याची गरजही नसते म्हणा.

टूर कंपनीचे पॅकेज घेतले तर बिलात टीसीएस नावाची एक रक्कम असते. तो दर गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलला आहे, तेव्हा बिलात किती लावला ते बघून घ्यावे. हा पैसा बुडत नाही, आयकराच्या विवरणपत्रात वळता करून मिळतो. पण त्यासाठी पॅकेज ज्याच्या नावावर घेतले त्याने विवरणपत्र भरायला हवे. पेन्शनर आजोबांच्या नावाने बुकिंग करून पुढे विसरून जाणारी घरे आहेत. स्वतः चलन किंवा कार्ड घेणाऱ्यांना मात्र एप्रिल 2025 पासून वर्षाला माणशी दहा लाखांपर्यंत टीसीएस नाही.

आता कार्डाविषयी. जुन्या व्यापाऱ्याची हुंडी आणि आजचे फॉरेक्स कार्ड यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. पैसे इथे भरायचे आणि तिथे उचलायचे, वाटेत चोरीचे भय नाही. भरताना जो भाव ठरला तोच पुढे कायम राहतो. मात्र जिथे जायचे त्याच देशाचे चलन त्यावर भरून घ्यावे. डॉलर भरलेले कार्ड थायलंडात बाटसाठी वापरले की बट्टा दोनदा बसतो. क्रेडिट कार्डावर परदेशी एटीएममधून रोख तर काढूच नये. शुल्क वेगळे आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू.

आणि एक सापळा, ज्यात शिकलेली माणसेही हसतखेळत सापडतात. दुबईच्या दुकानात कार्ड दिले की यंत्रावर प्रश्न येतो, बिल रुपयांत हवे की दिरहममध्ये? रुपये दिसले की आपल्याला बरे वाटते, आपले वाटते! पण तो रुपयाचा भाव समोरच्याच्या यंत्राने ठरवलेला असतो आणि बँकेच्या भावापेक्षा बहुतेक वेळा बराच महाग पडतो. नेहमी तिथलेच चलन निवडावे. एटीएमवरही तसेच. बायकोने शंभर वेळा विचारले तरी, दिरहमच.

‘डॉलर पडेल, मग घेऊ’ म्हणून थांबणाऱ्यांचाही एक वर्ग आहे. हजार डॉलरमागे भाव 50 पैशांनी उतरला तरी वाचतात 500 रुपये, आणि चढला तर तेवढेच जातात. दुकाना-दुकानातला फरक याहून मोठा असतो. आखातात जाणाऱ्यांनी तर दिरहम स्वस्त की डॉलर, याचा काथ्याकूट करूच नये. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या भावाने बांधलेला आहे, सौदी रियाल त्याहून आधीपासून 3.75 ला. डॉलर चढला की तेही चढतात. सरळ तिथले चलन घ्यावे, म्हणजे दोनदा बदलायला नको. थायलंडात मात्र शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटेला लहान नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो. चुरगळलेल्या, पेनाने काही लिहिलेल्या नोटा इथेच बदलून मागाव्या.

आता थोडे नाजूक बोलायचे. आपल्या गावात दरगाह-ए-हकीमीला पूर्व आफ्रिकेतून, आखातातून जियारतीला माणसे येतात, अनेक घरांत परदेशी पाहुणे उतरतात. कुणाचा भाचा कुवेतला, कुणाचा जावई अमेरिकेत. मग ‘आमच्याकडे पडलेत पाचशे डॉलर, बँकेपेक्षा रुपयाभर कमी द्या’, असा सौदा गल्लीतच जमतो. पाहुण्याने भेट म्हणून दिलेले डॉलर ठेवायला हरकत नाही, 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा घरात ठेवता येतात. पण ते आपसात विकायचे-घ्यायचे नाहीत. तो व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या परवानेदाराकडेच व्हायला हवा. फेमा कायद्यात रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय पावती नाही, नोट खोटी निघाली तर दाद कुणाकडे मागणार? परदेशात खोटी नोट हाती सापडली, तर पोलिसांना ‘शेजारच्या काकांनी दिली’ हे पटत नसते. पाचशे रुपयांसाठी सहलीचे चार दिवस ठाण्यात घालवायचे की काय!

जवळच्या देशांत जाणाऱ्यांना थोडा दिलासा आहे. भूतानचे चलन आपल्या रुपयाच्या बरोबरीचे, नेपाळचे 1993 पासून एकास 1.60 असे ठरलेले. श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये फेब्रुवारी 2024 पासून आपले यूपीआय सुरू झाले आहे. सगळ्याच दुकानांत चालेल असे नाही, तेव्हा थोडी रोकड बरोबर हवीच.

परत आल्यावर उरलेल्या नोटा 180 दिवसांच्या आत परत कराव्या लागतात, 2,000 डॉलरपर्यंत ठेवून घेता येतात. पुढची वारी ठरलेली असेल तर ठेवाव्या हेच बरे, कारण विकताना पुन्हा बट्टा बसतो. वरच्या हिशेबात 91.80 ने घेतलेले 200 डॉलर 87.50 ने परत दिले तर 860 रुपये जातात. नाणी कुणीच परत घेत नाही. ती शेवटच्या दिवशी विमानतळावर चहा-पाण्यात संपवावी, आणि उरलीच तर नातवंडांना द्यावी.