मत्स्यालयातील आजार: आधी पाणी, मग औषध

सातारा-सांगली समुद्रापासून दूर. त्यामुळे सागरी माशांसाठी खारे पाणी घरीच तयार करावे लागते. मासा धापा टाकू लागल्यास प्रथम पाणी तपासावे: क्षारता लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, अमोनिया शून्य. बाष्पीभवनात मीठ मागे उरते, म्हणून तूट क्लोरीनरहित गोड्या पाण्यानेच भरावी.

पाणी निर्दोष असूनही अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, तर तो बहुधा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी असतो. ठिपके मावळले तरी रोग जात नाही; परजीवी तळाशी वाढून परततो. सर्व मासे वेगळ्या टाकीत हलवून तांबेयुक्त औषध मोजून द्यावे. मुख्य टाकीत ते प्रवाळ व कोळंबीस मारक ठरते. ती टाकी दोन-अडीच महिने माशांविना ठेवावी. मुक्या जीवाचे दुखणे ओळखणे हे पाळणाऱ्याचेच कर्तव्य होय.